इंजिन ठोकतंय? आधी गिअर खाली घ्या

“ताई, इंजिन ठोकाय लागलंय. उतरवून आणतो, बोअर करून टाका.”

असा फोन आला की मी आधी विचारते, कधी ठोकतं? चढाला, की उभ्या जागी? गार असताना, की तापल्यावर? ॲक्सिलरेटर सोडला की थांबतं का? पलीकडचा माणूस वैतागतो. त्याला भाव हवा असतो आणि मी उलटतपासणी लावलेली असते. एकानं तर सरळ विचारलं होतं, “दुकानात कुणी मेस्त्री हाय का?” म्हटलं, मीच आहे, बोला.

साताऱ्याच्या एमआयडीसीत आमचं मशिन शॉप आहे. बोअरिंग (पिस्टन ज्यात वरखाली होतो ते सिलिंडरचं भोक, म्हणजे बोअर, मोठं करणं), होनिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग, व्हॉल्व्ह सीट ही कामं. अण्णांनी सुरू केलं. आता मशिनवर मी असते आणि अण्णा गल्ल्याजवळ बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी झेडपीचं राजकारण बोलतात. आम्ही गाड्या दुरुस्त करत नाही. गॅरेजवाले इंजिन उकलून ब्लॉक, हेड (सिलिंडरवरचं झाकण), क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) आमच्याकडं आणतात. त्यामुळं गाडीचा आवाज मला क्वचितच ऐकायला मिळतो, पण आवाज होऊन गेल्यानंतरचे पिस्टन रोज हातात असतात, आणि पिस्टन बघून तो आवाज कुठला होता ते बऱ्यापैकी सांगता येतं.

‘ठोकतंय’ या एकाच तक्रारीखाली लोक चार-पाच वेगळे आजार घेऊन येतात. त्यातल्या बऱ्याच गाड्यांचं इंजिन उतरवायची गरजच नसते. हे मी लिहिणं म्हणजे स्वतःच्याच पोटावर पाय देणं आहे, तरी लिहिते, कारण चांगला बोअर उगाच मोठा करायला माझा हात धजत नाही.

खरं नॉकिंग ओळखायला सातारकरांना लांब जायला नको. समर्थ मंदिराच्या पुढं यवतेश्वरचा घाट आहेच. रविवारी सकाळी कुटुंब कासला निघालेलं, गाडीत पाच माणसं, एसी चालू. चौथा गिअर, वेग जेमतेम चाळीस, पाय पार खाली दाबलेला, तरी गाडी उचलत नाही. आणि बॉनेटमधून पत्र्याच्या डब्यात फुटाणे हलवल्यासारखा आवाज. पाय जरा वर घेतला की गायब. तिसरा टाकला की गायब. हे नॉकिंग. भार असताना येतं, भार उतरला की जातं.

न्यूट्रलला उभ्या गाडीत येणारी बारीक टकटक बहुतेक वेळा टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची असते. सकाळी गार इंजिनाला येऊन तापल्यावर विरणारा ठकठक आवाज म्हणजे पिस्टन बोअरमध्ये सैल झालाय. तो माझ्याकडचा पेशंट, पण त्यालाही घाई नसते. खालून येणारा जड ठोका, पायाला जाणवणारा, ऑइल प्रेशर कमी झाल्यावर वाढणारा, तो बिग एंडच्या, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथल्या, बेअरिंगचा. त्याला मात्र गाडी चालवत आणू नका, टोचन करून आणा.

आता चौथ्या गिअरमध्ये का आणि तिसऱ्यात का नाही? पेट्रोल इंजिनात प्लग ठिणगी टाकतो ती पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या थोडी आधीच. कारण आग एका दमात सगळीकडं लागत नाही. प्लगपाशी सुरू होते आणि भिंतीकडं सरकते. सरकता सरकता पुढचं न जळलेलं मिश्रण दाबत, तापवत जाते. सगळं सुरळीत असेल तर ती कडेपर्यंत पोचते आणि पिस्टन खाली वळल्यावर थोड्याच अंशांत दाबाचा खरा जोर मिळतो. पण कडेला उरलेलं मिश्रण फार तापलं, आणि तापायला त्याला वेळही मिळाला, तर आग पोचायच्या आधीच ते स्वतःहून पेटतं, तेही सगळं एकदम. मग दाबाच्या लाटा या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत राहतात. साधारण 80 मिलिमीटरच्या बोअरमध्ये सेकंदाला 6 ते 7 हजार वेळा. फुटाण्यांचा आवाज तो हाच.

यात वेळेला फार किंमत आहे. 1500 आरपीएमला क्रँकचा एक फेरा 40 मिलिसेकंदांत होतो, 3000 ला 20. इंजिन चौथ्यात रखडतंय म्हणजे कडेच्या मिश्रणाला शिजायला तुम्ही जास्त अवधी देताय, वर पाय दाबून सिलिंडर ठासून भरताय. गिअर खाली घेतला की आरपीएम वाढतात, तेवढाच चढ कमी थ्रॉटलवर चढता येतो, आतला दाब उतरतो. “आमचे हे अख्खा घाट टॉपमध्ये चढवतात” असं कौतुकानं सांगणाऱ्या वहिनी मला लग्नाकार्यात भेटतात. मी हसते आणि जिलेबी घेते.

उंचावर हा त्रास उलट कमी होतो. महाबळेश्वरला, सुमारे 1350 मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण 15 टक्क्यांनी कमी असतो. बिनटर्बोच्या इंजिनात तेवढी हवा कमी भरते, दाब कमी, नॉकिंग कमी. पिकअपही कमी, ते वेगळं.

अधूनमधून येणारं हलकं नॉकिंग इंजिन मारत नाही. रोजचं, दाबून चालू ठेवलेलं मारतं. जळत्या गॅसचं तापमान 2000 अंशांच्या वर जातं आणि ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं. तरी पिस्टन टिकतो, कारण त्याच्या अंगाला लागून गॅसचा एक पातळ, त्यामानानं थंड थर असतो, आणि जी उष्णता आत शिरते ती पिस्टनभोवतीच्या रिंगांमधून बोअरला, तिथून पाण्याला जाते. नॉकिंगच्या लाटा नेमका तो थर खरवडून काढतात.

दुकानात मशिनच्या मागं एक फळी आहे, तिच्यावर मी निवडक पिस्टन ठेवलेत. भंगारवाला त्यांच्यावर डोळा ठेवून असतो. त्यातले दोन शेजारी शेजारी आहेत.

पहिल्याच्या डोक्यावर, प्लगपासून लांबच्या कडेला, बारीक बारीक खड्डे पडलेत. नख फिरवलं तर खरखर लागते. मधला भाग मात्र धड आहे, पिस्टनचा साइज आणि पुढच्या बाजूचा बाण अजून वाचता येतो. पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेच्या मधली लँड, म्हणजे पिस्टनचा पट्टा, तुटलीय. तो तुकडा रिंगेसोबत वरखाली फिरला आणि बोअरला उभे चरे पाडून गेला. हा नॉकिंगनं गेला. मालकाला आवाज कित्येक महिने येत होता, ‘गाडी जुनी झाली, करते आवाज’ म्हणून तो रेडिओ मोठा करत होता.

दुसऱ्याच्या बरोबर मधोमध भोक. माझी करंगळी आरपार जाते. भोकाची कड गुळगुळीत, आणि उलटा केला तर आतल्या बाजूला ओघळून थिजलेलं ॲल्युमिनियम दिसतं. रिंगा शाबूत, बोअर जवळजवळ कोरा. त्याच सिलिंडरचा प्लग मी सोबत बांधून ठेवलाय, त्याचं मधलं इलेक्ट्रोड जाग्यावर नाही. ही प्री-इग्निशनची करामत. गाडी हायवेला बऱ्या वेगात होती, घाट नव्हता, आवाज काहीच नव्हता. एकदम पिकअप गेला आणि ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर यायला लागला, एवढंच ड्रायव्हरनं सांगितलं.

ही दोन दुखणी लोक एकच समजतात. नॉकिंगमध्ये आग प्लगनंच लावलेली असते, बिघडतं ते शेवटी. प्री-इग्निशनमध्ये प्लगच्या आधीच आत दुसरं काहीतरी आग लावून मोकळं होतं. पिस्टन अजून वर चढतोय, मिश्रण दाबतोय, आणि ते आधीच जळतंय; म्हणजे जळत्या गॅसलाच पिस्टन आणखी दाबतोय आणि उष्णता जायला वाट नाही. त्यामुळं जी जागा तापलेली होती ती पुढच्या फेऱ्याला अजून तापते, अजून लवकर पेटवते. हा खेळ वाढत गेला की पिस्टन बघता बघता वितळतो. आवाज व्हायलाच हवा असं नाही. नॉकिंग निदान ओरडून सांगतं, म्हणून मला ते परवडलं.

आत आग लावणारं ते दुसरं काय असतं? माझ्या कामातलंच सांगते. व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा ग्राइंड केला की त्याची कड पातळ होत जाते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एक मिलिमीटरच्या आत आली की मी तो परत बसवायला देत नाही. पातळ कडेला उष्णता सीटकडं (व्हॉल्व्ह टेकतो त्या बैठकीकडं) वाहून न्यायला अंगच उरत नाही, ती लाल होते आणि पेटवते. गिऱ्हाईक म्हणतं, “अजून चाललं असतं की वं ताई, कशाला खर्चात घालताय.” मग मी फळीवरचा दुसरा पिस्टन दाखवते. करंगळी घालून बघ म्हणते. बहुतेक जण नवीन व्हॉल्व्ह आणतात.

दुसरा गुन्हेगार चुकीचा प्लग. प्लगमध्ये गरम आणि थंड असे प्रकार असतात; कोण किती लवकर उष्णता हेडला देतो त्यावरून. एनजीकेच्या नंबरात आकडा वाढला की प्लग थंड होत जातो. बॉशच्या नंबरात आकडा वाढला की गरम. काउंटरवरचं पोरगं ‘आटे सेम आहेत’ म्हणून प्लग हातावर ठेवतं, गिऱ्हाईक दोन पैसे वाचले म्हणून खूश. तिसरा म्हणजे साचलेला कार्बन. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या चावी काढल्यावरही थोडा वेळ फडफडत राहायच्या, आठवतंय? ठिणगी बंद, इंजिन चालू. आत कार्बन धगधगत असायचा, त्याचं हे काम.

आणि एक खूळ आहे ज्याला आमचाच धंदा कारणीभूत आहे. हेड वाकलं म्हणून फेसिंगला, म्हणजे तासून सपाट करायला, येतं तेव्हा सोबतचा माणूस हळूच म्हणतो, “जरा जास्त मारा ताई, पिकअप वाढतो.” 1200 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन घ्या. एका सिलिंडरला 300 सीसी. साडेनऊचं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण साडेनऊ पट दाबायचं, तर वर उरलेली जागा 35 सीसीच्या आसपास. हेडला अर्धा मिलिमीटर जास्त मारला तर त्यातले पावणेदोन-दोन सीसी गेले, आणि साडेनऊचं कॉम्प्रेशन दहाला टेकलं. वर जुना कार्बन साचला की आणखी. मग हाच माणूस चार महिन्यांनी म्हणतो, पंपावाल्यानं भेसळ केली. मी हेड सपाट होण्यापुरतंच मारते. कुणाला जास्त हवं असेल तर दुसरी दुकानं आहेत.

भेसळीचा विषय निघालाच म्हणून. पेट्रोलमध्ये रॉकेल पडलं तर नॉकिंग वाढतं हे खरं आहे, रॉकेलचा ऑक्टेन, म्हणजे आपणहून पेटण्याला दाद न देण्याचा आकडा, फार खाली असतो. रॉकेल स्वस्त मिळायचं त्या काळात रिक्षांच्या बाबतीत हे फार चालायचं. पण आता खापर फुटतं ते इथेनॉलवर. आपल्या कराड-वाळव्याच्या पट्ट्यात तर मजाच आहे. ऊस कारखान्याला घालणारा, मळीपासून इथेनॉल होतं म्हणून दर वाढवून मागणारा गडी माझ्यासमोर उभा राहून सांगतो, “इथेनॉलनं इंजिन ठोकाय लावलं.”

मामा, तसं नाही. इथेनॉल नॉकिंग रोखतं. आपल्याकडं साधं पेट्रोल पूर्वी 88 ऑक्टेनचं होतं, मग 91 चं झालं, आणि 20 टक्के इथेनॉलचं ई-20 आता 95 चं. नुसत्या इथेनॉलचा आकडा 108 च्या आसपास. शिवाय वाफ होताना ते पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता ओढून घेतं, त्यामुळं सिलिंडरमध्ये जाणारं मिश्रण थंड होतं. 1921 च्या डिसेंबरात अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालून नॉकिंग थांबवलं, आणि मग अख्ख्या जगानं अनेक दशकं शिसं धुरातून श्वासात घेतलं. अल्कोहोलनंही नॉकिंग थांबतं (इथेनॉल म्हणजे अल्कोहोलच) हे तेव्हा त्यांना ठाऊक होतं. भारतात शिसं असलेलं पेट्रोल 2000 साली पूर्ण बंद झालं. अल्जेरिया हा शेवटचा देश, तिथं 2021 ला. म्हणजे शंभर वर्षांची भानगड करून गाडी परत अल्कोहोलवर आली.

ई-20 बद्दलच्या सगळ्याच तक्रारी खोट्या आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. लिटरमागं इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांश ऊर्जा असते, तेव्हा 20 टक्क्यांच्या मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमी पडणार हे साध्या गणितानं निघतं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, कार्बोरेटरचे वॉशर फुगतात. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत इथेनॉल पाणी धरतं. त्यावर भांडा, मी तुमच्या बाजूनं. फक्त नॉकिंग त्याच्या गळ्यात बांधू नका.

टर्बो पेट्रोलवाल्यांसाठी वेगळं सांगायला हवं. छोटं इंजिन, टर्बो, आणि पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं, अशा गाड्यांत कमी आरपीएमला जोराचा भार दिला की कधी कधी ठिणगीच्या आधीच स्फोट होतो. रिंगेजवळ साठलेला ऑइल आणि पेट्रोलचा थेंब वर उडतो आणि तोच पेटतो असं मानलं जातं. ऑइलमधलं कॅल्शियमचं डिटर्जंट याला हातभार लावतं, हेही प्रयोगांत दिसलं. म्हणून 2018 मध्ये ‘एपीआय एसएन प्लस’ आणि 2020 मध्ये ‘एपीआय एसपी’ असे ऑइलचे नवे दर्जे आले. यात एकाच दणक्यात लँड तुटू शकते. डब्यावर ‘एसपी’ लिहिलंय का ते बघून ऑइल घ्या. आणि 1500 आरपीएमला गाडी रांगत असताना ओव्हरटेक करायला पाय गाडू नका, आधी गिअर टाका. इथंही गिअरच.

ट्रकची गोष्ट निराळी. दिवाळीनंतर गाळप सुरू झालं की उसाचे ट्रक यार्डात रात्र काढतात आणि पहाटेच्या थंडीत सुरू केले की असे ठोकतात की नवखा माणूस घाबरावा. डिझेलला ठिणगीच नसते. हवा 16-18 पट दाबली की ती तापते, तिच्यात नोझल डिझेल फवारतं, आणि फवारा सुटल्यापासून पेटेपर्यंत थोडा उशीर होतो. इंजिन गार असेल तर उशीर जास्त, तेवढ्यात आत डिझेल जास्त साठतं, आणि पेटतं तेव्हा सगळं मिळून पेटतं. म्हणजे पेट्रोलचं नॉकिंग जळणाच्या शेवटी, डिझेलचं सुरुवातीला. औषधही उलटं. पेट्रोल आपणहून पेटू नये म्हणून ऑक्टेन बघायचा, डिझेल लवकर पेटावं म्हणून सीटेन. बीएस-6 च्या डिझेलला तो किमान 51 लागतो. कॉमन रेलच्या ट्रकमध्ये मुख्य फवाऱ्याच्या आधी चिमूटभर डिझेल सोडतात, ते आधी पेटतं, म्हणून ते इतके मऊ चालतात. गार असतानाचा ठोका तापल्यावर गेला तर खुशाल ट्रक हाणा. तापल्यावरही एकाच सिलिंडरचा ठोका राहिला तर नोझल तपासा, पंपाचं टायमिंग तपासा. गळक्या नोझलनं पिस्टनला भोक पाडलेलं मी पाहिलंय, आणि ते भोक नेमकं फवारा पडतो तिथं असतं.

आता गॅरेजवाल्या भावांसाठी एक. नवीन गाड्यांत ब्लॉकला नॉक सेन्सर असतो, मधोमध भोक असलेला गोल. ब्लॉकच्या थरथराटातून नॉकिंगचा सूर वेगळा काढून तो कॉम्प्युटरला कळवतो, आणि कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा टाकतो. म्हणून नव्या गाडीत आवाज येण्याऐवजी नुसता पिकअप आणि मायलेज पडल्याचं जाणवतं. हा सेन्सर ब्लॉकला धातूला धातू टेकूनच बसला पाहिजे. ब्लॉक माझ्याकडून गेला की तुम्ही त्याला चकचकीत सिल्व्हर रंग मारता, सेन्सरच्या बैठकीवरही मारता, वर एक वॉशर घालता आणि लांब पान्यानं जीव खाऊन आवळता. सेन्सर बहिरा झाला की कॉम्प्युटरला काय कळणार? बैठक खरवडून कोरी करा, वॉशर काढा, टॉर्क पाना लावा. बहुतेक गाड्यांत 20 न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, मॅन्युअलमधला आकडा बघून आवळा. मी आता ब्लॉक देताना त्या जागेवर मास्किंग टेप लावूनच देते. ती टेप रंग मारून झाल्यावर काढायची असते.

आणि काम आणताना पिस्टन धुवून आणू नका. डिझेलमध्ये घासून लख्ख केलेले पिस्टन समोर ठेवून “काय झालं असंल?” विचारलं तर मी काय सांगणार? कार्बन कुठं आहे, कुठून उडालाय, राखेचा रंग काय, हे सगळं तुम्ही गटारात ओतून आलात. कुठला पिस्टन कुठल्या सिलिंडरचा ते आतल्या बाजूनं मार्करनं लिहा. प्लग त्याच क्रमानं आणा. हेड गॅस्केट फेकू नका, त्याची कड आत आली होती का ते मला बघायचं असतं. ऑइलच्या डब्याचा फोटो पाठवा. आणि पिस्टनचा फोटो पाठवून व्हॉट्सॲपवर निदान मागणाऱ्यांनी तो निदान उजेडात तरी काढावा.